वैशाखात तुडवलेला वाफा

मिठागराचा वाफा पावसाळा सरल्यावर, हंगामाच्या सुरुवातीला तुडवतात. माणसं खांद्यावर हात टाकून ओळीने उभी राहतात आणि अनवाणी पायांनी तळाची माती दाबून घट्ट करतात. एकदा मीठ धरू लागलं की मग कोणी त्यात पाय घालत नाही, नाहीतर सगळा चिखल मिठात कालवला जातो. कामोठ्याच्या खाडीवरच्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक होतं. मी अठरा वर्षांचा घोडा, मला नेमकं त्या सकाळी सुचलं नाही.

आई छातीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळली होती. औषध नव्हतं, तांदूळ संपत आले होते. त्या सकाळी मी कामावर लवकर गेलो, तर मालकाच्या मिठाच्या राशीपासून बांधापर्यंत ओल्या वाफ्यातून पावलं उमटलेली. डाव्या पायाची करंगळी बाहेर वळलेली. बाबांचा पाय मी ओळखणार नाही तर कोण? अंगाचा तिळपापड झाला. तरीही ती पावलं मोडायला मुकादम यायच्या आत मी अख्खा वाफा तुडवून काढला.

मुकादमाला काय, आंधळ्यालाही कळलं असतं. भर वैशाखात तुडवलेला वाफा आणि गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेला मी. राशीतून दोन गोणी मीठ गेलं होतं. मला सरळ पनवेलच्या चौकीत नेलं.

बाबांना निरोप गेला होता. आता येतील, मग येतील, म्हणून मी दाराकडे बघत बसलो. जमादाराने दोन कानाखाली दिल्या, तरी गप्प राहिलो. दुपार टळली. पोराला अडकवून बाप घरात लपलाय, असं मनात आलं. चीड आली, त्याहून जास्त कंटाळा आला सगळ्याचा. मी बाबांचं नाव सांगून टाकलं.

तासाभराने बाबा आपणहून आले, डोक्यावर गोणी घेऊन. खाडीपलीकडे मासे खारवणाऱ्या बाईला दिलेल्या मिठातली उरलेली एक गोणी ते होडीने परत घेऊन आले होते. गोणी उतरवून म्हणाले, "सायेब, मीठ मी नेलाय. पोराचा काय बी गुन्हा नाय, त्याला सोडा." जमादाराने माझ्याकडे पाहिलं, पण मी नाव सांगितल्याचं बोलला नाही. त्याचे उपकार मानावेत का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मी निघालो तेव्हा बाबा एवढंच म्हणाले, "वैशाखान कोन तुडवतं रं, येड्या?" आणि चक्क हसले.

चार महिन्यांनी ते सुटले. पुढच्या हंगामात दुसऱ्या एका मिठागरावर आम्ही वाफा तुडवायला शेजारी उभे राहिलो. माझ्या खांद्यावर हात टाकून ते ओळीतल्या सगळ्यांना सांगू लागले, "दोन कानफटात खाल्ल्या यानी, पन बापाचा नाव नाय घेतला."

मी खाली बघून तुडवत राहिलो. मरेपर्यंत ते हे सांगत होते, आणि मी एकदाही त्यांना थांबवलं नाही.