चार सुतांची फट

दोन पाइपांची तोंडं समोरासमोर आली की मिस्त्री पाना खाली ठेवायचे आणि बोल्ट करंगळीने भोकात ढकलून बघायचे. बोल्ट अलगद गेला तर ठीक. अडला तर मान हलवायचे. "करंगळीनं जात न्हाई त्यो जोड न्हाई राव, जुलूम हाय."

पिंपरीला तेव्हा कारखाने नुकते उभे राहत होते. आमच्या कारखान्याला पवनेचं पाणी आणायचं होतं आणि नदीकाठच्या पंपघरात पाइप बसवायचं काम आमच्या टोळीकडे होतं. मिस्त्री टोळीचे मुख्य. दिघीहून सायकलवर यायचे. डोक्याला पटका आणि पायात कंपनीचे बूट, असा तो अवतार तुम्ही पाहिला असता तर हसला असता. आम्हीही हसायचो. ते बूट त्यांना चावायचे, म्हणून दुपारी काढून ठेवायचे आणि बुटांकडे बोट दाखवून म्हणायचे, "ह्योबी जुलूमच."

त्यांचा हट्ट मात्र अडाणी नव्हता. पाइप जरा आखूड पडला, की तो बोल्टाने ओढून पंपाला भिडवायचा मोह प्रत्येक फिटरला होतो. वरून जोड छान दिसतो. पण आतला ताण पंपावर येतो, आणि पंप पडला बिडाचा. वाकत नाही, तडकतो. म्हणून मिस्त्री पाइप कापून नवा तुकडा जोडायला लावायचे, अर्धा दिवस गेला तरी. साहेब चिडायचा. मिस्त्री शांतपणे म्हणायचे, "सायेब, आज अर्धा दिस द्या. न्हाईतर म्होरं पंपच त्यो मागून घेतोय."

शेवटचा एक जोड राहिला होता. चार सुतांची फट होती, म्हणजे अर्धा इंच. त्याच दिवशी मिस्त्रींच्या सोयऱ्यांत कुणी वारलं. जाताना मला म्हणाले, "ह्यो जोड मी आल्यावर करू. हात लावू नगा."

दुसऱ्या दिवशी साहेब दारात येऊन उभा राहिला आणि आजच सगळं तयार पाहिजे म्हणाला; कुठला जोड राहिलाय हे त्याला ठाऊक नव्हतं. मोठे लोक चाचणी बघायला येणार होते. मी महिन्याभरापूर्वी लागलेला, अजून कायम न झालेला, घरी बायको नवव्या महिन्यातली. मला नाही म्हणता आलं नाही. साहेब बाहेर गेल्यावर मी एकट्यानेच पहारीने पाइप रेटला आणि बोल्ट जीव खाऊन आवळले. फट मिटली. काम कसं झालं हे साहेबाने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

चाचणीच्या दिवशी मिस्त्री सायकल टाकून धावत आले, तोवर पंप सुरू झाला होता. थोड्याच वेळात काडकन आवाज झाला आणि पंपाचा पाय तडकला. परदेशातून आलेला पंप! मिस्त्रींनी जोडाचे बोल्ट सोडले तसा पाइप झटक्याने मागे सरकला. फट सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती.

"कुणी आवळला हा जोड?" साहेब ओरडला.

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "म्या. जायच्या आधी म्याच आवळला व्हता."

मी पाना हातात धरून गप्प उभा राहिलो. त्यांना तिथल्या तिथे काढून टाकलं. फाटकाबाहेर मी त्यांना गाठलं आणि म्हणालो, "मिस्त्री, मी उद्या साहेबाला खरं सांगतो."

"वैनींचा नववा हाय न्हवं? मग गप ऱ्हावा. मला कुटंबी काम घावंल."

कुठेही घावलं नाही. पंप फोडणारा मिस्त्री म्हणून नाव सगळीकडे पोचलं होतं. मला मुलगी झाली, मी कायम झालो. उद्या सांगू, उद्या सांगू करत मी वर्ष काढलं. अखेर एका रविवारी लाज गिळून दिघीला गेलो, तर मिस्त्री महिन्यापूर्वीच तापाने गेले होते.

त्यांची बायको ओट्यावर बसली होती. मी टोळीतला, हे कळल्यावर तिने एवढंच विचारलं, "भाऊ, तुमी तितं व्हता. येवढा हुशार माणूस, असा कसा चुकला वो?"

म्हणजे त्यांनी घरीही सांगितलं नव्हतं. मग मी सांगितलं. सगळं सांगितलं, पहारीसकट.

ती रडली नाही. अंगणाकडे बघत म्हणाली, "म्या शेवटापातुर त्येनला बोल लावला, भाऊ. तापात पडलं व्हतं तवाबी. येका जोडापायी घर बुडवलं म्हनायची. त्ये नुसतं व्हय म्हनायचं."

ती उठून आत गेली. मला जागचं हलवेना. तिने येऊन चार शिव्या द्याव्यात, हाकलून द्यावं, असं फार वाटत होतं. बऱ्याच वेळाने ती दारात आली. डोळे लाल झाले होते, हाताला पीठ लागलं होतं.

"लांबून आलाय," ती म्हणाली. "भाकरी खाऊन जावा."