सगळं ब्येस हाय

आमच्या ऑफिसातले रिपोर्ट दिल्लीला जायचे आणि किस्से जीपमध्येच राहायचे. देशाचं शेती धोरण गावात कितपत उतरलं, योजनांचा लोकांना खरंच उपयोग झाला का, हे तपासायचं आमचं काम. पेण आणि रोहा हे दोन तालुके माझ्याकडे होते. मी, आमचे पाटणकर साहेब आणि जीप चालवणारे शंकरभाऊ, अशी तिघांची वरात. परत येताना वडखळला चहा व्हायचा आणि दिवसभराचा किस्सा तिथे पहिल्यांदा सांगितला जायचा.

या बहुतेक किश्शांचं मूळ एकच. आमच्याकडचा माणूस पाहुण्याच्या तोंडावर त्याच्या वस्तूला नावं ठेवत नाही. आणि आम्ही पडलो पाहुणे. हसून सांगते खरी, पण या भिडेपायी एका गावाची भातशेती कायमची जायची वेळ आली होती. त्याकडे येतेच.

*

रोह्याकडच्या एका आजोबांना योजनेतून भाताचं नवं बियाणं मिळालं होतं. कसं आहे म्हणून विचारलं तर म्हणाले, "ब्येस हाय."

शेतात बघितलं तर जुनंच भात उभं. मग नवं कुठे गेलं? आजोबांनी घराच्या माळ्याकडे बोट दाखवलं. पेरलं का नाही, असं विचारल्यावर त्यांना माझं नवल वाटलं.

"इतकं चांगलं बियाणं, बाय, चिखलात घालून खराब कशाला करायचं?"

फॉर्मवर चौकोन दोनच होते, समाधानी आणि असमाधानी. आजोबा समाधानी होते हे तर दिसतच होतं.

*

पेणजवळच्या एका गावाला फवारणीचे पंप मिळाले होते. पंप धूळ खात पडलेत अशी तक्रार वरपर्यंत गेली म्हणून आम्हाला पाठवलं. गावात गेलो तर पंप एकदम चकाचक. वापर होतो का? होतो. नियमित? एकदम नियमित.

पाटणकर साहेबांनी वर्षातून किती वेळा, असं विचारलं.

"एकदाच, साहेब. गणपतीच्या आधी."

आम्ही मान वर करून बघितलं. गावातली घरं चुन्यानं पांढरीशुभ्र झाली होती. परत येताना शंकरभाऊ म्हणाले, इतका वापर झालेली सरकारी वस्तू मी आजवर बघितली नाही.

*

पीक कापणीच्या प्रयोगाची तऱ्हा निराळीच. कोणाच्या शेतातला तुकडा कापून वजन करायचं हे चिठ्ठी काढल्यासारखं आधीच ठरतं, कारण सॅम्पल रँडम हवं. ज्याचं शेत निघालं त्याला आम्ही पावसाच्या सुरुवातीलाच तसं सांगून आलो होतो.

कापणीला गेलो तर आजूबाजूला बेताचंच भात आणि हे एक शेत कमरेएवढं. तणाची बेणणी जास्त, खत जास्त. बांधावर नारळ फोडलेला. शेतकऱ्याची आई हात जोडून म्हणाली की सरकारनं आमच्या शेतावर बोट ठेवलं, मग त्याला उपाशी कसं ठेवायचं? निघताना तिने त्याच शेतातल्या नव्या तांदळाची एक पुरचुंडी साहेबांच्या हातात दिली. पाहुणा रिकाम्या हाताने जाऊ नये, ही इकडची पद्धत. आमच्या जीपमध्ये भात कापायच्या दिवसांत सदा नव्या तांदळाचा वास असायचा.

पाटणकर साहेबांनी वडखळला चहा मागवला. मग म्हणाले, "आपण पीक मोजत नाही, पाहुणचार मोजतोय."

त्या दिवशी हसलो. पण नंतर मला ते वाक्य टोचत राहिलं. आमच्याच रिपोर्टांवर वर निर्णय होत होते.

*

खरं कसं कळतं तेही एकदा योगायोगानेच समजलं. रोह्याच्या बाजूला वालाच्या सुधारित बियाण्याची चौकशी करत होते. घरातली बाई तोंड भरून स्तुती करत होती. तेवढ्यात तिची वरसे गावात दिलेली लेक आतून म्हणाली, आये, मला पण देशील का थोडं?

बाई आत गेली. हळू आवाजात म्हणाली, "त्यातलं नको नेऊ गो. आपलं जुनं ने."

तेव्हापासून मी बियाणं कसं आहे हे विचारणंच सोडलं. लेकीकडे पाठवलंत का, एवढंच विचारायचे. उत्तरं धडाधड बदलली. मी तसा रिपोर्ट पाठवला, तर वरून विचारणा आली की हा प्रश्न कोणत्या कॉलममध्ये बसतो.

*

आता ते गाव. धरमतरच्या खाडीला लागून. खारं पाणी अडवायला बांध, आणि बांधात उघाडी, म्हणजे भरतीचं पाणी रोखणारी आणि पावसाचं पाणी बाहेर सोडणारी लाकडी दारं. ती दारं कुजली होती. दोन वर्षं भरतीचं पाणी सरळ शेतात येत होतं. तालुक्याला अर्ज गेले, पण कागदावर बांध 'सुस्थितीत' होता, कारण तपासणीला येईल त्याला गाव सांगायचं, ब्येस हाय.

दिल्लीचं पथक येणार होतं. त्यांनीही तेच लिहिलं असतं तर दुरुस्तीचा विषय संपला असता. मी आदल्या दिवशी मुद्दाम हिराबाईकडे गेले. तिची सगळी शेती त्या बांधाला लागून. मुलगा शेती सोडून कंपनीत शिफ्टला जायला लागला होता. मी तिला हात जोडून सांगितलं, या वेळी तरी खरं बोला. हा पावसाळाही गेला तर जमीन परत भाताची होणार नाही.

हिराबाई म्हणाली, "कलतंय गो. पन इतक्या लांबून आलेल्या मानसापुढं रडायचं कसं?"

दुसऱ्या दिवशी टळटळीत ऊन. पथक देवळाच्या मंडपात बसलं, शहाळी प्यायलं. शेतापर्यंत चालायला कोणी तयार होईना. मी बांधाचा विषय काढला, तर सरपंचच म्हणाले, चाललंय साहेब, ब्येस हाय. मी हिराबाईकडे बघितलं. ती खाली बघत बसली होती. मला तिचा असा राग आला की डोळ्यांत पाणी आलं.

निघताना ती पुढे झाली आणि दिल्लीच्या साहेबांच्या हातात फडक्यात बांधलेली पुरचुंडी ठेवली.

"शेतातलं हाय, साहेब."

त्यांनी नमस्कार केला. जीप सुटली. दिल्लीचे साहेब आमच्याच जीपमध्ये बसले होते.

वडखळला चहाला थांबलो. दिल्लीच्या साहेबांना कोकणातला तांदूळ बघायचा होता म्हणून त्यांनी मांडीवर फडकं सोडलं. आत तांदूळ नव्हता. चिखलाची ढेकळं मिसळलेलं करडं मीठ होतं, आणि त्यात भाताचं एक वाळलेलं धसकट.

साहेबांनी एक खडा जिभेवर ठेवला. माझ्याकडे बघितलं. त्या बाई काय म्हणाल्या होत्या, असं हिंदीत विचारलं.

"शेतातलं आहे, म्हणाल्या."

त्यांनी फडक्याची गाठ पुन्हा नीट मारली. चहाचे ग्लास आले होते, ते तसेच राहिले.

"शंकरभाऊ," ते म्हणाले, "गाडी वापस लो."