पुढचा लॉक, धुकं आणि अभय

आधीच सांगते, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. आमच्या दिल्लीतल्या मयूर विहारच्या सोसायटीत लिफ्ट मधेच थांबली तरी काहीजणींना त्यात भलतंसलतं दिसतं. मला फक्त मेंटेनन्सवाला दिसतो... म्हणजे तोही दिसत नाहीच, हाक मारून घसा कोरडा होतो. सरकारी नोकरीत आयुष्य गेलंय, पुरावा नसला की शेरा मारून फाइल परत पाठवायची सवय आहे. ही एक फाइल मात्र परत कुठे पाठवायची ते अजून कळलेलं नाही.

माझा नवरा अभय. त्याला एकच वेड, ऑफ-रोडिंग. रविवार उजाडला की आपली फोर-बाय-फोर घेऊन ग्रुपबरोबर यमुनेच्या खादरात, म्हणजे काठच्या पुराच्या वाळूत, नाहीतर अरवलीच्या दगडांत. मीही जायचे, तिथेच चालवायला शिकले. तो गाडीच्या पुढे उलटा चालत हातांनी खुणा करायचा, मी चालवायचे. आमच्या ग्रुपचा नियमच आहे, समोर खुणा करणारा माणूस असला की ड्रायव्हरने स्वतःचं डोकं चालवायचं नाही.

त्याच्या गाडीला पुढे-मागे दोन्हीकडे लॉक आहेत. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. एक चाक वाळूत रुतलं की इंजिनाची सगळी ताकद त्याच चाकाकडे जाते आणि ते नुसतं गरगरत बसतं. लॉक लावला की दोन्ही चाकं बरोबरीने फिरतात, गाडी बाहेर येते. पण वळताना आतल्या-बाहेरच्या चाकांना वेगवेगळं फिरावं लागतं, आणि पुढची चाकं तर वळायचीच चाकं. त्यांना एकत्र बांधलं की गाडी सरळ जायचा हट्ट धरते. म्हणून आधी मागचा लॉक, तेवढ्याने भागलं नाही तरच पुढचा. स्टिअरिंग सरळ, वेग अगदी कमी, आणि बाहेर आलात की पुढचा लगेच काढायचा. अभय म्हणायचा, “पुढचा लॉक म्हणजे पाहुणा. काम झालं की निरोप द्यायचा.”

आणि स्वतः मात्र विसरायचा! डांबरी रस्त्यावर लॉक तसाच ठेवून वळायला गेला, पुढून कटकट आवाज आला, आणि मी सगळ्यांदेखत त्याचा कान धरला. तेव्हापासून ती आमची दोघांची खूण झाली. त्याने स्वतःचा कान धरला की समजायचं, पुढचा लॉक काढ. बाकी ग्रुपची खूण वेगळी होती, मूठ उघडायची. कानाची खूण आमच्यापलीकडे कोणाला ठाऊक नव्हती.

मग त्याच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. आतली गाठ काढली, पण कमरेखाली ना संवेदना राहिली, ना हालचाल. डॉक्टर म्हणाले, येईल, पण कधी ते सांगता येत नाही. महिने गेले. आधी तो पाय हलतात का ते बघायचा, मग बघायचाच थांबला. फिजिओथेरपिस्ट आला की भिंतीकडे तोंड करायचा. मला पायांची भीती नव्हती वाटत, ह्या भिंतीची वाटायची. सासूबाई रोज त्याच्या तळव्यांना तेल लावायच्या आणि तो कुणा दुसऱ्याचेच पाय असल्यासारखा बघत राहायचा.

जानेवारीतल्या एका रविवारी ग्रुप नोएडाच्या पुढे यमुनेच्या वाळूत जाणार होता. मी नाहीच म्हटलं होतं. तर अभय म्हणाला, “तू जा. निदान गाडी तरी चालू दे.” ते ‘निदान’ असं काही लागलं की मी चावी उचलली आणि निघाले. रस्ताभर रडत होते.

सकाळ होती, पण सूर्य असा नव्हताच. दुधात बुडवल्यासारखं धुकं. सगळ्यात पुढे आमच्या ग्रुपच्या सुरजीत पाजींची गाडी, सगळ्यात मागे मी. उंच सरकंड्याच्या गवतातून वाट नदीकाठी उतरली आणि तिथे मऊ वाळूत मी रुतले. मागचा लॉक लावला, भागेना. पुढचा लावला. गाडी अलगद बाहेर आली आणि मला इतकं बरं वाटलं की पाहुण्याला निरोप द्यायचं राहूनच गेलं.

पाजींचे दिवे दिसेनासे झाले. वॉकी-टॉकीवर नुसती खरखर. वाट डावीकडे वळत होती, मी स्टिअरिंग ओढत होते, पण ते जड लागत होतं. मला वाटलं, वाळू आहे, म्हणून असेल. आणि मुकाट पुढे जात राहिले.

तेवढ्यात समोर अभय उभा दिसला.

मरून रंगाचा स्वेटर, पाय अनवाणी. दोन्ही पंजे वर... थांब. मी थांबले. त्याने स्वतःचा कान धरला.

खरं सांगते, मला नवल वाटलंच नाही. हा उभा कसा, इथे कसा, काही मनात आलं नाही. स्वप्नात कसं, सगळं बरोबरच असतं. उलट मी ओशाळले. बटण दाबलं, पण लॉकचा दिवा लुकलुकतच राहिला. ताण बसला की लॉक लगेच सुटत नाही. त्याने खूण केली, चाकं सरळ, थोडी मागे घे. घेतली. दिवा विझला आणि स्टिअरिंग एकदम हलकं झालं. मग तो उलटा चालत निघाला, बोटांनी डावीकडे बोलावत... तसाच, नेहमीसारखा. मी त्याच्यामागे जात राहिले. किती वेळ, माहीत नाही. संपूच नये असं वाटत होतं.

पाजींच्या गाडीचे लाल दिवे दिसले तेव्हा समोर फक्त धुकं होतं.

ऊन आल्यावर पाजी आणि मी चालत मागे गेलो. माझ्या चाकांच्या खुणा सरळ नदीकडे गेल्या होत्या आणि काठाच्या अगदी अलीकडे थांबल्या होत्या. काठ खालून पोखरलेला, नुसता अधांतरी. पाजींनी पायाने ढेकूळ ढकललं, ते थेट पाण्यात पडलं. “भाभी, रुके कैसे?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, बस, रुक गई.

घरी आले तर सासूबाई दारातच म्हणाल्या, आज बराच वेळ झोपलाय, उठवलं नाही. मी आत जाऊन पलंगाच्या कडेला बसले. त्याच्या अंगात तो मरून स्वेटर होता. थंडीत रोजच असतो. मी नेहमीसारखा त्याच्या पावलावर हात ठेवला. त्याने डोळे न उघडताच कपाळाला आठ्या घातल्या.

“हात काढ गं. आधीच वाळूने पाय गारठलेत.”

मी हात काढला नाही. मग तो जागा झाला, आणि आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं. आम्ही दोघंही खूप रडलो. सासूबाई धावत आल्या, त्यांना वाटलं काहीतरी वाईट झालं.

डॉक्टरांच्या मते नसा अशाच अचानक जाग्या होतात. पाजी म्हणतात, धुक्यात डोळे फसतात. दोघांचंही मला पटतं, वेगवेगळं धरलं तर. एकत्र धरलं की काहीच हाती लागत नाही. अभय आता काठी घेऊन सोसायटीच्या बागेत फिरतो, फिजिओथेरपिस्टशी हुज्जत घालतो. त्याला त्या सकाळी पडलेल्या स्वप्नातली फक्त ओली वाळू आठवते.

एकदा मी विचारलंच, तू तिथे आला होतास का रे? तो म्हणाला, “तू बोलावलं असशील.”

मी बोलावलं नव्हतं. निदान तोंडाने तरी नाही.