वर्तमानपत्रात गुंडाळलेले ब्रेक पॅड

बाबांचा फोन आला तेव्हा मी नरडाण्याला, कंपनीच्या कँटीनमध्ये जेवत होते. “नाना गेले,” एवढंच ते म्हणाले. नाना म्हणजे बाबांचे मोठे भाऊ. धुळ्याला पारोळा रोडवर त्यांचं गॅरेज होतं. एक गाडी तपासून ते हात पुसत स्टुलावर बसले आणि तिथेच... मी डबा तसाच बंद केला आणि गाडी काढली. नरडाणा ते धुळे हा रस्ता मला पाठ आहे. त्या दिवशी मात्र पुढचा ट्रक हळू झाला की माझा पाय ब्रेकवर जायचा, गाडी थांबायला हवी तिथे अलगद थांबायची, आणि दर वेळी आठवायचं की हे ब्रेक नानांच्या हातचे आहेत. त्यासोबत आणखी एक गोष्ट आठवायची. ती मी तोवर कुणालाच सांगितली नव्हती.

गाडी मुळात बाबांची, पंधरा वर्षं वापरलेली. मला नरडाण्याला नोकरी लागली तेव्हा त्यांनी ती जळगावहून माझ्याकडे पाठवली. नानांचं घर धुळ्यात असताना मी तिथेच वेगळी खोली भाड्याने घेतली, यावर नातेवाईक बरंच बोलले. नाना एका शब्दाने बोलले नाहीत. मी इंग्रजी शाळेत शिकलेली. अहिराणी मला कळते, पण बोलायला जीभ वळत नाही. म्हणून नाना माझ्याशी जपून, पुस्तकी मराठीत बोलायचे, नव्या पाहुण्याशी बोलावं तसं. काळजी वाटली की मात्र त्यांची अहिराणी आपोआप बाहेर यायची. त्यांची एक रीत होती. गाडीतून काढलेला झिजलेला भाग ते भंगारात टाकत नसत. तो पुसायचा, ज्याने तो बसवून घेतला त्याचं नाव आणि किलोमीटरचा आकडा पाठीवर पांढऱ्या ऑइलपेंटने लिहायचा, वर्तमानपत्रात गुंडाळायचा आणि मालकाच्या हातात द्यायचा. “आपल्या गाडीतून काय निघालं ते माणसाला दिसलं पाहिजे,” असं ते म्हणत. जळगावच्या घरी बाबांच्या कपाटात खालच्या फळीवर अशी कितीतरी पुडकी आहेत. आई त्यांना वैतागायची, बाबा हात लावू देत नसत.

गेल्या हिवाळ्यात नाना म्हणाले, “पुढच्या चाकांचे ब्रेक पॅड संपत आलेत. पुढच्या आठवड्यात गाडी आण, साधे कंपनीचे टाकू.” मी विचारलं, “यापेक्षा चांगले मिळतात ना?” ते हसले. “मिळतात की! तू वाचून काढ आणि मला पण सांग. तुझ्या इंग्रजीचा आम्हाला काहीतरी फायदा होऊ दे.” मला तो टोमणा वाटला. आज वाटतं, त्यांना खरंच ऐकायचं होतं. मी पुढचे काही दिवस जुन्या गाडीला कोणते पॅड लावावेत यावर इंग्रजीतलं मिळेल ते वाचलं. पकड, धूळ, आवाज, टिकाऊपणा असे रकाने पाडून तक्ता केला आणि शेवटी शर्यतीच्या गाड्यांना लावतात तशा जातीचे, तक्त्यात सगळ्यात वर आलेले पॅड मागवले. हे पॅड गरम झाल्यावरच नीट धरतात, असं एका ओळीत लिहिलं होतं. ती ओळ मी वाचली होती. पण तिच्यासाठी मी तक्त्यात रकाना केला नव्हता.

पॅड हातात आले तरी ते घेऊन नानांसमोर उभं राहायचा धीर मला झाला नाही. ते नको म्हणाले असते तर मला वाद घालता आला नसता. शनिवारी मी जळगावला गेले आणि काचेचं दार असलेल्या एका वर्कशॉपमध्ये ते बसवून घेतले. तिथे कुणी काही विचारलं नाही. मला तेच आवडलं होतं.

आठ-दहा दिवसांनी सकाळी कामावर जाताना सोनगीरच्या अलीकडे कापसाने भरलेली एक ट्रॉली अचानक वळली. थंडी होती, निघाल्यापासून ब्रेकची फारशी गरजच पडली नव्हती. मी पाय पूर्ण दाबला. गाडीने ऐकलंच नाही असं वाटलं. ती पुढे जात राहिली, आणि ट्रॉलीपासून हातभर अंतरावर कशीबशी थांबली. ट्रॅक्टरवाला मागे वळून ओरडला, “ओ ताई, झोप नही व्हयनी का रातले?” कंपनीत न जाता मी गाडी वळवून हळूहळू परत धुळ्याला, थेट गॅरेजमध्ये आणली.

नानांनी आधी मला पाणी दिलं, मग चाक काढलं. आत पाहिलं आणि माझ्याकडे न बघता विचारलं, “हाई कोनी बसाडं?”

“बाबांनी... जळगावला,” मी म्हणाले.

खोटं बोलायचं असं मी ठरवलं नव्हतं. भावाचं नाव घेतलं की ते रागावणार नाहीत, एवढाच हिशेब त्या क्षणी डोक्यात आला असावा.

“सुभ्यानी?” ते म्हणाले. हातातला पाना त्यांनी खाली ठेवला. मग मला समजावू लागले. “हा पॅड वाईट नाही बेटा. पण तो तापल्याशिवाय धरत नाही. घाटात उपयोगी, तुझ्या थंड सकाळी नाही. शिवाय पॅड जिला धरतो त्या डिस्कला चरे पडलेत, मागच्या चाकांचे ब्रेक लायनर झिजलेत, ब्रेक ऑइल काळं झालंय. बठ्ठी, अख्खी गाडी थांबाले पाहिजे, येकला पॅड काय करी? सुभ्याने एक फोन केला असता तर...” खरं सांगायला तेव्हा एक क्षण पुरला असता. मी नखांकडे बघत उभी राहिले.

दुपारपर्यंत त्यांनी सगळं केलं. डिस्क घासून आणल्या, ऑइल बदललं, मागचे लायनर नवे घातले, पुढे साधे पॅड बसवले. मग मला शेजारी बसवून मोकळ्या रस्त्यावर नेलं आणि नवे पॅड डिस्कवर बसावेत म्हणून वेग घेत, हळू करत, पुन्हा वेग घेत वीस-एक वेळा ब्रेक दाबले. एरवी अशा फेरीत ते सतत काहीतरी सांगायचे. त्या दिवशी फक्त आकडे मोजले. परत आल्यावर माझ्या हातात पुडकं दिलं. “बापाला दे. म्हणावं महाग आहेत, फेकू नको.” मी ते डिकीत, स्टेपनीच्या बाजूला सरकवून ठेवलं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नाना दरवर्षी जळगावला येत. जेवणाआधी अंगणातल्या गाडीचं बॉनेट उघडून दोघे भाऊ तासभर डोकं घालून उभे राहत, आणि आमरस तयार असूनही आईला चार हाका माराव्या लागत. या आखाजीला मी गाडी घेऊन गेले होते. नाना आले, पाटावर बसले, जेवले. बॉनेट उघडलं नाही. बाबा म्हणाले, “नाना, जरा आवाज ऐकता का इंजिनाचा?” नाना म्हणाले, “आता तुझं तुला कळतं की, सुभाष.” बाबांना ते सुभ्या सोडून सुभाष म्हणालेले मी कधी ऐकलं नव्हतं. बाबा हसायला गेले आणि मध्येच थांबले. मी पुरीचा घास हातात धरून बसले होते. त्यानंतर दोघांचे फोन दोन-तीन वाक्यांत संपू लागले.

श्रावणात नाना गेले. दहाव्याच्या दिवशी सगळे पांगल्यावर बाबा गॅरेजच्या पायरीवर बसले होते. मला म्हणाले, “आखाजीपासून नाना माझ्याशी मोकळं बोललेच नाहीत. माझं काय चुकलं, तुला काही म्हणाले होते का?” मी मान हलवली. नाही म्हणून. हे दुसरं खोटं, आणि पहिल्यासारखं ते घाबरून बोललेलं नव्हतं.

गेल्या रविवारी मी डिकीतलं पुडकं पहिल्यांदा उघडलं. मनात एक आशा होती, की नानांनी ओळखलं असेल आणि पॅडवर माझं नाव लिहिलं असेल. मग निदान भावाविषयीचा सल घेऊन ते गेले नसते. चारही पॅड जवळजवळ नवे होते. प्रत्येकाच्या पाठीवर, हात स्थिर ठेवून लिहिलेल्या त्यांच्या वळणदार अक्षरांत, एकच नाव होतं... सुभाष. नानांनी माझ्यावर विश्वास ठेवला होता.

हा लेख इथपर्यंत लिहून, छापायला देण्याआधी मी बाबांना वाचून दाखवला, कारण समोर बसून नुसतं सांगणं मला जमलं नसतं. ते चष्मा काढून बराच वेळ पुसत राहिले. पुडकं समोर टेबलावर होतं. मी थिनरमध्ये कापूस बुडवला आणि पहिला पॅड उचलला. निदान ते नाव तरी पुसावं; ते पॅड बाबांनी बसवून घेतलेच नव्हते.

बाबांनी माझा हात धरला. “राहू दे,” म्हणाले, “नानांचं अक्षर आहे.”

मग त्यांनी चारही पॅड त्याच कागदात पुन्हा गुंडाळले आणि कपाटाच्या खालच्या फळीवर, बाकीच्या पुडक्यांशेजारी नेऊन ठेवले.