पहिला नंबर कुणालाच नाही

परीक्षकबाईंच्या तोंडून मी 'छान' हा शब्द कधी ऐकला नाही. दुसऱ्या कुणी तो वापरला तर त्या लगेच विचारायच्या, "कुठे?" साडी छान आहे म्हणताय, तर कुठे छान आहे ते सांगा. काठात, पोतात की रंगात? आमच्याकडे पहिल्यांदा जेवायला आल्या तेव्हा माझ्या बायकोने, शुभदाने, सवयीने विचारलं, "आमटी बरी झालीय ना?" अशा वेळी पाहुण्याने हो म्हणायचं असतं, हे आमच्या पुण्यातल्या माणसालाही कळतं. बाईंनी एक भुरका मारला, जरा विचार केला आणि म्हणाल्या, "चिंच पुढे आलीय. गूळ घातलायस, पण उशिरा घातलायस." मग त्याच आमटीच्या दोन वाट्या प्यायल्या. मला राग आला होता. शुभदाने दुसऱ्या दिवशी गूळ लवकर घातला.

सिंगापूरच्या बुकित बातोक भागातल्या आम्हा मराठी मंडळींत त्यांना कुणी नावाने हाक मारत नसे, सगळे परीक्षकबाईच म्हणत. मूळच्या त्या सांगलीकडच्या एका तालुक्याच्या गावच्या. तिथे मुलींच्या शाळेत शिवण शिकवायच्या. हिवाळ्यात त्या गावच्या मार्केट यार्डात कृषी प्रदर्शन भरायचं. एका मांडवात खिलार बैल, दुसऱ्यात ऊस, केळीचे घड नि डोक्याएवढे कोबी, आणि कडेच्या मांडवात बायकांचं भरतकाम-विणकाम. त्या कडेच्या मांडवात वर्षानुवर्षं ह्याच परीक्षक. बैलांच्या मांडवात वशिला चालायचा असं त्या स्वतःच सांगत. भरतकामाच्या मांडवात मात्र गावातल्या पुढाऱ्याच्या सुनेचा रुमालसुद्धा त्यांनी उलटा करून पाहिला होता. काम त्या योग्यतेचं नसेल तर पहिल्या नंबरचं कार्ड कुणापुढेच ठेवायचं नाही, दुसऱ्यापासून सुरुवात करायची, हा त्यांचा नियम. "पहिला नंबर रिकामा ठेवता येतो," त्या म्हणायच्या, "भरलाच पाहिजे असं कुणी सांगितलंय?"

ह्या नियमाची किंमत त्यांनी घरातच मोजली होती. त्यांच्या मुलीने शाळेत असताना एकदा प्रदर्शनात टेबलक्लॉथ ठेवला होता. बाईंनी त्याला तिसरा नंबर दिला. मुलीने घरी येऊन सुया, रिंग, दोऱ्यांच्या लडी, सगळं उचलून शेजारणीला देऊन टाकलं आणि पुन्हा कधी सुईला हात लावला नाही. पुढे लग्न होऊन ती नाशिकला गेली. फोन करायची, पण सणावारी. हे बाईंनी शुभदाला सांगितलं तेव्हा मी तिथेच बसलो होतो. "त्यात मी चुकले का, हे मला अजून कळलेलं नाही," त्या म्हणाल्या. असं 'कळलेलं नाही' त्यांच्या तोंडून दुसऱ्या कशाबद्दल ऐकल्याचं मला आठवत नाही.

यजमान गेल्यावर मुलाने त्यांना सिंगापूरला आणलं. मुलगा, अभिजित, आमच्या समोरच्या ब्लॉकमध्ये राहायचा आणि माझ्यासारखाच रोज एमआरटीने, म्हणजे मेट्रोने, तांजोंग पगारला ऑफिसला जायचा. बाई दिवसभर घरात एकट्या. ब्लॉकच्या मागे रहिवाशांची एक सामाईक बाग होती आणि लिन आंटी नावाच्या सत्तरीच्या चिनी बाई तिच्या कर्त्याधर्त्या. वर्षातून एकदा ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत, म्हणजे व्हॉइड डेकवर, बागेतल्या भाज्यांचं प्रदर्शन भरे. भेंडी, कारली, वांगी, हातभर लांब चवळी, सगळ्यांना नंबर. बाई पहिल्याच वर्षी तिथे गेल्या आणि नंबर मिळालेलं वांगं उचलून देठाजवळचं किडीचं भोक त्यांनी लिन आंटींना दाखवलं. भांडण होईल असं मला वाटलं होतं. झाली ती दोस्ती. दोघींना मिळून वीस-पंचवीस इंग्रजी शब्द येत असतील. तेवढ्यावर दोघींनी पुढच्या वर्षापासून भाज्यांशेजारी भरतकामाचं टेबल लावायचं ठरवलं आणि खालच्या खोलीत दर बुधवारी दुपारी शिवणाचा वर्ग सुरू झाला.

शुभदा त्या वर्गाला जायला लागली आणि थोड्याच दिवसांत तिचं दुखणं उघडकीला आलं. दुखण्याचं नाव लिहीत नाही. ज्याचं नाव घरात दबक्या आवाजात घेतात, तेच. ऑपरेशन झालं, किमो झाल्या, पुन्हा झाल्या. इथले डॉक्टर पेशंटला तोंडावर सगळं सांगतात, त्यामुळे तिला ठाऊक होतं आणि मलाही. तरी आमच्या घरात त्यावर कुणी बोलत नव्हतं. येणारा प्रत्येक जण दारातून आत येता येताच म्हणायचा, "अरे वा, छान दिसतेयस की!" व्हॉट्सॲपवर ग्रुपमधून रोज सकाळी फुलं यायची. पुण्याहून तिची आई फोनवर म्हणायची, आवाज छान येतोय हो तुझा. मीही त्यातलाच. डोक्यावर केस नसलेल्या बायकोला मी रोज सांगायचो की आज तुला तरतरी आहे.

बाई भेटायला आल्या तेव्हा त्यांनी तिला नीट खालून वर पाहिलं. "वजन उतरलंय तुझं," त्या म्हणाल्या. "ब्लाउज खांद्यावरून पडतोय. कपाटातले काढून दे, आत घेऊन देते." मला वाटलं, ही बाई आहे की कोण आहे! शुभदा मात्र उठली, कपाट उघडलं आणि ब्लाउजांचा ढीग त्यांच्यापुढे ठेवला. कितीतरी दिवसांनी ती स्वतःहून उठली होती. बाईंनी तिला उभं करून टाचण्या लावल्या. महिन्याभराने त्याच ब्लाउजांना त्यांनी पुन्हा टाचण्या लावल्या. टीप आणखी आत घेतली.

प्रदर्शनासाठी शुभदाने कर्नाटकी कशिद्याचा रुमाल काढायला घेतला, मधोमध तुळशीवृंदावन आणि चारी कोपऱ्यांत मोर. सांगली-मिरजेकडच्या बायकांना हा कशिदा माहीत असतो. कापडाचे धागे मोजून टाके घालायचे. सुई एक टाका सोडून एक अशी पुढे जाते आणि परतीच्या वाटेवर राहिलेल्या जागा भरत येते. सुरुवातीला गाठ नाही, शेवटी गाठ नाही, सुलट बाजू आणि उलट बाजू एकसारखी. किमोने शुभदाच्या बोटांची टोकं बधिर झाली होती. सुई हातात आहे की पडली हे तिला बघून कळायचं. तरी ती रोज बसायची. एकदा मला म्हणाली, "सुधीर, मला पहिला नंबर हवाय." तिने माझ्याकडे मागितलेली ती बहुधा शेवटची गोष्ट असणार, हे मला तेव्हाच समजलं. मग मी गप्प बसणार होतो थोडाच? प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी मी बाईंच्या घरी गेलो.

मी काय बोललो ते सगळं लिहीत नाही. एरवी मी कुणापुढे हात पसरणारा माणूस नाही, त्या दिवशी पसरले. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मला पाणी दिलं. "सुधीरराव, तुम्ही नवरा आहात. तुम्ही मागणारच," त्या म्हणाल्या. "पण दया वेगळी आणि नंबर वेगळा. दया करायची तर मी रोज येऊन तिचे पाय चेपीन. नंबर कामाला असतो." मी दार आपटून बाहेर पडलो.

दुसऱ्या दिवशी शुभदा डोक्याला स्कार्फ बांधून, बाईंनी आत घेतलेला ब्लाउज घालून, व्हॉइड डेकवर खुर्चीत बसली होती. एका टेबलावर कारली आणि वांगी, त्याला लागून भरतकाम. बाईंनी तिचा रुमाल हातात घेतला. तुळशीवृंदावनावरून नख फिरवत त्या सावकाश पाहत गेल्या आणि मग त्यांनी रुमाल उलटा केला. त्यांचं बोट एका जागी थांबलं. त्यांनी दुसऱ्या नंबरचं कार्ड रुमालावर ठेवलं आणि पहिल्या नंबरचं कार्ड पालथं घालून टेबलाच्या कडेला सरकवलं.

"कट्ट्यापाशी एक धागा मोजायचा चुकलायस," त्या शुभदाला म्हणाल्या. "ते झाकायला मागे गाठ मारलीस. पुढच्या वर्षी गाठ नको."

लिन आंटी पुढे झाल्या. "जस्ट गिव्ह हर लाह," त्या इथल्या ढंगाच्या इंग्रजीत हळूच म्हणाल्या. "शी सो सिक."

"सिक, आय नो," बाई म्हणाल्या, आणि त्या हळू म्हणाल्या नाहीत. "वर्क, नॉट फर्स्ट."

डॉक्टर सोडले तर शुभदा आजारी आहे हे तिच्यासमोर आजवर कुणी मोठ्याने म्हटलं नव्हतं. आमच्या मंडळींपैकी एक जण मला बाजूला घेऊन म्हणाला की असल्या बाईला ह्यापुढे घरात घेता कामा नये, आणि मी मान डोलावली.

लिफ्टमध्ये आणि घरी आल्यावर मी बाईंना जे जे सुचेल ते बोलत होतो. काळीज नाही, माणुसकी नाही, नुसता आपला ताठा. शुभदाने मला बोलू दिलं. मग तिने छोटी कात्री मागितली. टाके उसवायचे होते.

"गाठ होती, सुधीर," ती म्हणाली. "मला माहीत होती. मी रात्रंदिवस धाकात होते की बाईंना ती दिसेल, आणि त्याहून जास्त धाक होता की दिसूनसुद्धा त्या काही बोलणार नाहीत." कात्री घेऊन तिने रुमाल मांडीवर पसरला. "हल्ली मी बाथरूमपर्यंत चालत गेले तरी तुम्ही सगळे मला छान म्हणता. जो परत परीक्षेला बसणार नाही, त्यालाच असं सगळे पास करत सुटतात. त्या मला पुढच्या वर्षी म्हणाल्या. ऐकलंस ना?"

मी ऐकलं होतं. पण मला ती क्रूर थट्टा वाटली होती.

त्यानंतर बाई रोज दुपारी आमच्याकडे यायला लागल्या. शुभदाने ते वृंदावन कट्ट्यापर्यंत उसवलं आणि पुन्हा धरलं. बाई शेजारी बसून राहायच्या. सुईत दोरा ओवून द्यायच्या, पण एक टाकासुद्धा घालून दिला नाही. चुकलं तर "उसव" म्हणायच्या. ती उसवायची, आणि मग थकून उशीवर डोकं टेकायची. मग बाई खरोखरच तिचे पाय चेपत बसायच्या. दुपारच्या त्या वेळी दोघी काय बोलत हे मला ठाऊक नाही, पण संध्याकाळी मी ऑफिसातून आलो की शुभदा माझ्याशी खरं बोलायची. आपल्यामागे आईला कोण सांगणार, कपाटातल्या साड्या कुणाला द्यायच्या, मी एकटा राहणार की परत पुण्याला जाणार, आणि तिला किती भीती वाटते. नवरा-बायको म्हणून आमचं खरं बोलणं झालं ते त्या चार-सहा आठवड्यांत.

एकदा मी बाईंना खाली सोडायला गेलो असताना विचारलं, पुढचं वर्ष नाही हे तुम्हाला माहीत होतं, मग तसं का म्हणालात? तुम्ही तर खोटं बोलत नाही. बाई थांबल्या. "मी सगळ्यांनाच म्हणते तसं," त्या म्हणाल्या. "तिला एकटीला वेगळं कशाला काढू?"

शुभदा पुढचं प्रदर्शन यायच्या कितीतरी आधी गेली. स्मशानातून परत आल्यावर घर माणसांनी भरलं. जो तो माझ्या खांद्यावर हात ठेवून एकच वाक्य म्हणत होता, सुटली बिचारी. मी मान हलवत होतो. कोपऱ्यात बसलेल्या बाई अखेर म्हणाल्या, "सुटली कुठे? तिला जायचं नव्हतं." मला तेव्हा रडू आलं, तोवर आलं नव्हतं.

प्रदर्शनाचे दिवस आले तसा मी तो रुमाल घेऊन बाईंकडे गेलो. चारही मोर झाले होते. वृंदावनाच्या वरच्या भागातले जातानाचे टाके पडले होते, परतीचे राहिले होते, आणि सुई तिने खोचली होती तिथेच होती. मी म्हटलं, एवढं तुम्ही पुरं करा, तिच्या नावाने टेबलावर ठेवू. बाईंनी नाही म्हटलं. माझा हात लागला तर ते तिचं राहणार नाही, आणि अपुऱ्या कामाला नंबर नसतो, असंही म्हणाल्या. ह्या वेळी मला राग आला नाही. मी रुमाल परत घ्यायला हात पुढे केला, पण त्यांनी तो सोडला नाही.

चष्मा लावून त्या खिडकीपाशी बसल्या. चारही मोर पाहिले, मग वृंदावन, मग उलट बाजू. टाक्या-टाक्यावरून नख फिरवत त्या सुईपर्यंत आल्या. त्यांना खूप वेळ लागला. मग त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला, डोळे नाही पुसले.

"इथपर्यंत चूक नाही," त्या म्हणाल्या.

अभिजितची नोकरी बदलली तशी ते सगळे भारतात परत गेले. जाताना बाई विमानतळावर मला एवढंच म्हणाल्या की तुमच्या शर्टाचं दुसरं बटण लोंबतंय. मी अजून त्याच फ्लॅटमध्ये आहे. रुमाल कपाटात आहे. इथल्या दमट हवेने सुई गंजली आणि कापडावर तिचा तांबूस डाग उतरला, पण मी ती काढलेली नाही.

मागच्या वर्षी अभिजितचा फोन आला. आई गेली, म्हणाला. शेवटचे काही महिने अंथरुणावरच होती, खूप सोसलं तिने. मग म्हणाला, "सुटली."

"कुठे?" माझ्या तोंडून निघून गेलं. "त्यांना जायचं होतं?"



"नाही," तो म्हणाला, आणि रडायला लागला.