लांबच्या कॉलेजचा खर्च

पंचमीला थोरली फलटणहून माहेरी आली, तेव्हा आमच्याकडे धाकटीच्या ॲडमिशनचा घोळ चालू होता. तिला अमरावतीकडे सरकारी इंजिनिअरिंगला जागा लागली होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत ती पक्की करायची, नाहीतर हातची जाणार. माझं मन मात्र सांगलीजवळच्या खाजगी कॉलेजवर होतं. त्यांची बस चौकात येते, पोरगी दिवेलागणीला घरात.

"लांबचा खर्च परवडायचा न्हाई," मी म्हणालो. "हॉस्टेल, मेस, येणं-जाणं."

थोरली पुरणाची दिंडं उकडायला लावत होती. तिथूनच म्हणाली, "आण्णा, तिकडचं समदं धरलं तरी हितल्या नुसत्या फीपेक्षा कमी पडतंय."

"हितल्या बसचं पैसं धरलंस का?" बायकोनं विचारलं.

"न्हाई. ते धरलं तर आण्णा आणखीनच गोत्यात येतील."

बायको हसली. मला हसू आलं नाही. 'परवडायचा न्हाई' हे वाक्य मी थोरलीलाही तिच्या ॲडमिशनच्या वेळी ऐकवलं होतं. तिलाही विदर्भातच सरकारी जागा लागली होती. परिस्थिती नाही म्हणून सांगितलं आणि आष्ट्याला बी.कॉम.ला घातलं. ती एका शब्दानं बोलली नाही. त्याच वर्षी मी घरावर मजला चढवला. स्लॅबच्या दिवशी मजुरांना चहा तिनंच दिला.

पैशाची अडचण नव्हतीच. पोरगी लांब गेली तर भावकी काय म्हणेल, शिकून आल्यावर ती आपलं ऐकेल का, याची धास्ती होती. मी स्वतः अठराव्या वर्षी ट्रंक उचलून फौजेत गेलो, पार पठाणकोटपर्यंत. पण पोरीला अमरावती लांब. हे मी बायकोलाही कधी बोललो नव्हतो. भीती वाटते म्हणायची लाज वाटायची. पैसे नाहीत म्हणायला काही वाटलं नाही.

त्या दिवशी मात्र थोरलीजवळ बोललो. "तुझ्या टायमाला पैसं होतं."

तिनं पातेल्यावर झाकण ठेवलं. "ठावं हाय. वरचा मजला काय हवेत बांधला व्हय?"

"मग बोलली न्हाईस?"

"काय बोलायचं? पैसं न्हाईत म्हटल्यावर पोरीचं तोंडच बंद हुतंय. भ्या वाटतंय म्हणला असता, तर भांडले तरी असते."

मी माफी मागितली. ती "असू दे" म्हणाली नाही. चुलीकडे तोंड करून उभी राहिली. बरोबरच होतं तिचं.

मग मी धाकटीला विचारलं, "जायचंय तुला?"

"व्हय."

"मला भ्या वाटतंय."

"मला बी वाटतंय. पण जायचंय."

दुपारीच तिला घेऊन आष्ट्याला गेलो आणि नेटकॅफेत बसून जागा पक्की केली. परतताना माझा थोरला भाऊ भेटला. "एवढ्या लांब पोरगी धाडतोस? पैसा लय झाला काय रं?"

"हितल्यापेक्षा कमीच लागतोय," मी म्हणालो. "आन् जास्त लागला असता, तरी धाडली असती."

घरी आल्यावर मिरजेहून गाडीची दोन तिकिटं काढायला बसलो, धाकटीचं आणि माझं. थोरली मागे येऊन उभी राहिली.

"माझं बी काढा," ती म्हणाली. "मला ते हॉस्टेल आतनं बघायचंय."

मी तीन काढली.