एकोणीस वेळा ‘आम्ही’

तारीख १२ जून १९५४. रक्कम एक रुपया, पुण्यातल्या मुलींच्या एका वसतिगृहाच्या अर्जाची किंमत. हजर मी, आमची मंडळी, माझे थोरले बंधू आबा आणि नुकतीच मॅट्रिक झालेली आमची मुलगी.

कॉलेजात प्रवेश मिळण्यासारखे मार्क तिला होते. अडचण राहण्याची होती. पुण्यात आमचं कोणी नाही. वसतिगृहात जागा मिळाली तर कॉलेज, नाहीतर शिक्षण तिथंच संपलं.

अर्जाच्या शेवटच्या पानावर छापलं होतं, ‘स्वतःविषयी दोनशे शब्दांत लिहावे. वडीलधाऱ्यांची मदत घेऊ नये.’

आकडे तपासणं ही मदत नव्हे, असं मी धरलं. मुलीनं सकाळभर बसून लिहिलेला कागद हाती घेतला. शब्द दोनशे चार भरले. चार कमी करायला सांगितलं. जमीन नुसती सहा एकर लिहिली होती, तिथं अकरा गुंठे घालायला लावले. आजोबांनी मेंढरं विकून शेती धरली, कालव्याच्या पाण्यावर आम्ही वांगी-मिरची करतो, माल इंदापूर-बारामतीच्या बाजारात नेतो, सगळं बरोबर होतं. मला निबंध पसंत पडला.

आबांना वाचता येत नाही, म्हणून तिनं त्यांना वाचून दाखवला.

“ह्यात पोरगी कुठं हाय?” आबा म्हणाले. “ही तर तलाठ्याची नोंद झाली. आन् आमी मॅट्रिक झालो म्हंजी काय? म्या कवा दिली परीक्षा?”

मी पुन्हा मोजलं. ‘आम्ही’ एकोणीस वेळा आलं होतं, ‘मी’ एकदाही नाही.

मग छापील सूचना बाजूला ठेवून मीच सांगायला लागलो, स्वभाव शांत, प्रकृती निरोगी, घरकामात तरबेज, वर्ण सावळा. भाकरी थापता थापता मंडळी म्हणाली, “अवो, कॉलेजात घालायची हाय का कुणाच्या घरात द्यायची हाय?”

मुलीनं लेखणी खाली ठेवली. “तात्या, मी एकटीनं केलेलं असं काय हाय?”

आम्ही तिघांनी आठवून पाहिलं. काही सापडेना. घरात, रानात, शाळेच्या वाटेवर, तिच्याबरोबर कोणी ना कोणी असायचंच. ती मात्र काहीतरी आठवल्यासारखी उठली, बाहेर लिंबाखाली जाऊन बसली आणि तासाभरानं दुसरा कागद घेऊन आली.

‘गेल्या उन्हाळ्यात वांग्यांना पाणी द्यायला मी एकटी गेले होते. बांधावर बसून बीजगणिताचं उदाहरण सोडवत होते. उत्तर जुळलं तेव्हा आमच्या पाळीचं पाणी शेजाऱ्याच्या उसात गेलं होतं. घरी मी बोलले नाही.’ असं सुरू होऊन शेवटी होतं, ‘मला गणितच शिकायचं आहे.’

त्या पाण्यासाठी मी कालव्याच्या पाण्याची पाळी वाटणाऱ्या पाटकऱ्याला भर बाजारात चार माणसांदेखत लबाड म्हटलं होतं. तो शपथा घेत होता आणि मी ऐकलं नव्हतं.

“हे पाठवायचं?” मी विचारलं. असल्या निष्काळजी मुलीला जागा कोण देईल, ही मला धास्ती.

“माझं असं दुसरं काय न्हाय, तात्या.”

आबा हसायला लागले. “पाठव. पाणी गेलं तर गेलं, उत्तर तर आलं.”

शब्द एकशे अठ्ठ्याऐंशी होते. बारा कमी. कागद तसाच पाकिटात घातला.

पुढच्या बाजाराला पाटकऱ्याला गाठलं आणि तसंच चारचौघांत सांगितलं, की चूक आमच्या घरची होती. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाला, “पोरीला शिकवा, तात्या. पाण्यापास्नं तरी लांब ऱ्हाईल.”

पंधरवड्यात पत्र आलं. जागा मिळाली होती. खाली रेक्टरबाईंनी स्वतःच्या अक्षरात विचारलं होतं, ‘उदाहरणाचं उत्तर किती आलं?’

महिनाअखेर मुलीला घेऊन मी पुण्याला गेलो. सहामाहीचे साठ आणि अनामत दहा, असे सत्तर रुपये वसतिगृहाच्या कारकुनाला दिले. पावती मुलीच्या नावावर घेतली.